गॉगलमामाचा बोगदा

गॉगलमामा गॉगल फक्त एकाच ठिकाणी काढायचे. लग्नात नाही, विहारातल्या वंदनेला नाही, रेशनच्या दुकानात भांडताना तर नाहीच. लायसनच्या फोटोसाठी फोटोग्राफरनं सांगितलं, "मामा, गॉगल काढा, डोळे दिसले पाहिजेत," तर मामा म्हणाले, "मंग दुसऱ्याचा फोटो काढ, माझा कायले काढतेस?" असा हा माणूस आमच्या गावाबाहेरच्या बोगद्याच्या तोंडाशी आला की मात्र काळीपिवळी जीप मोहाच्या झाडाच्या सावलीत उभी करायचा, दोन्ही हातांनी गॉगल उतरवायचा, शर्टाला पुसून खिशात ठेवायचा आणि नुसता आत बघत बसायचा. मागं कोंबून बसलेले प्रवासी कुरकुरले की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं:

"डोरे मांगं राह्यले. येऊ द्या."

डोरे म्हणजे डोळे. आमच्या झाडीपट्टीत डोळ्याचा डोरा होतो. पुण्याहून आलेल्या एका सरांनी मला विचारलं होतं, डोळे मागे कसे राहतात म्हणून. सर, तुम्ही एकदा भर दुपारी आमच्या रस्त्यानं या. दोन्ही बाजूंनी धानाच्या शेतात, बांधीत, पाणी भरलेलं, त्यावर ऊन, तोंडावर आरसा धरल्यासारखं. त्या उजेडातून गाडी एकदम बोगद्यात शिरली की समोर काही म्हणजे काही नसतं. नुसता काळोख. गाडी आत पोचलेली असते, तुम्ही आत पोचलेले असता, नजर मात्र अजून उन्हातच उभी असते. तेवढ्या वेळात आत जो कोणी असेल, त्याचं काय होणार ते तुमच्या हातात नसतं. आणि आमच्या बोगद्यात कोणी ना कोणी असतंच.

हा बोगदा मी तुम्हाला दाखवते, म्हणजे माझा राग समजेल. पूर्वी तिथं रेल्वेचं फाटक होतं. फाटक बंद झालं, आणि गाव तालुक्याच्या गोरेगावला जोडायला रुळाखालून भुयार काढलं. एका गाडीपुरतं रुंद. बरं, सरळ तरी काढावं? मधोमध वळण! या तोंडातून त्या तोंडाचा उजेड दिसत नाही. कोणाची जमीन वाचवायला ते वळण घातलं, हे गावात शेंबड्या पोराला माहीत आहे आणि कागदावर कुठेच नाही. उद्घाटनाला दिवे लागले होते. फीत कापणाऱ्यांची गाडी वळली आणि पहिल्या पावसाळ्यात दिवेही गेले. पुन्हा कोणी लावले नाहीत. अर्जावर अर्ज केले. "प्रकरण वर पाठवलं आहे." वर म्हणजे कुठं, ते आजवर कळलेलं नाही.

अशा भोकातून मामा रोज गाडी न्यायचे. आणि त्यांची एक फुशारकी होती, ती ते रोज ऐकवायचे: "माझ्या गाडीखाली या बोगद्यात कोंबडी सुदी आली नाई." मामांच्या बाकीच्या फुशारक्या खोट्या होत्या. गाडी एका टाकीत नागपूरला जाऊन आली म्हणे. केस जन्मापासून असेच काळे म्हणे. पण कोंबडीची गोष्ट खरी होती, आणि ती खरी राहावी यासाठी मामा कोणाशीही भांडायला तयार असायचे.

त्यांच्या गाडीत एकदा गोंदियाचे कपड्याचे एक व्यापारी पुढच्या सीटवर होते. मोहाखाली गाडी थांबल्यावर ते वैतागले. "अरे मामा, आँखें तो मुँह पे ही लगी हैं, पीछे कहाँ से रह गईं? चलो, दुकान खोलनी है."

मामांनी बोगद्यावरची नजर हटवली नाही. "सेठ, दुकान खोलने के लिए सेठ भी तो साबुत पहुँचना चाहिए ना."

अख्खी गाडी हसली. सेठही हसले. पुढच्या खेपेला त्यांनीच मागच्यांना दटावलं, "रुको भाई, मामा की आँखें आ रही हैं."

डोळे आले की मग बाकीचा कारभार. टेप बंद. मागं शिडीला लटकलेल्यांनी आत यायचं, जागा नसेल तर दुसऱ्याच्या मांडीवर बसायचं. काचा खाली, कारण बोगद्यात डोळ्याआधी कान बघतात, असं त्यांचं मत. हेडलाईट चालू, पण खाली पाडलेला. समोरून कोणी फुल लाईट मारत आला की मामा खिडकीतून मुंडकं काढून ओरडायचे, "आपले डोरे आनले आन माझे फोडून राह्यलास का बे?" मग एक हॉर्न, आणि उत्तर येतं का ते ऐकायचं. आत कोणाला ओव्हरटेक नाही, आत थांबणं नाही, आत फोन नाही. मोटारसायकलवरची पोरं बाजूनं सुळकन पुढं गेली की मामा त्यांना शिव्या देत नसत. पलीकडच्या चहाच्या टपरीवर गाठून त्यांच्या आईबापाची नावं विचारत. पोरं शिव्यांना भीत नाहीत, याला भीत.

मामा संत वगैरे नव्हते, हे आताच सांगते, नाहीतर तुम्ही हार घेऊन निघाल. गाडीत माणसं कोंबायचे. अक्षरशः कोंबायचे! मी तेव्हा कॉलेजला होते आणि नुकतीच आमच्या कार्यकर्त्यांच्या गटात पत्रकं लिहायला लागले होते. मी तोंडावर विचारलं, "मामा, तुम्ही सुरक्षेच्या गोष्टी करता आणि इतकी माणसं भरता, हे चालतं का?"

"नाई चालत," मामा म्हणाले. "पन यष्टी येत नाई, तुझा पत्रक येते. पत्रकावर बसून जाऊ का गोरेगावले?"

मी घरी गेले आणि त्यांच्याच गाडीविरुद्ध पत्रक काढलं. मागं लटकवून माणसं नेणाऱ्यांचा धिक्कार असो, असं. मामांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः पिठाची लई लावून गाडीच्या मागच्या दारावर चिकटवलं. लटकणाऱ्यांच्या पोटाखाली ते झाकलं जायचं, म्हणून गोरेगावच्या बाजारात माणसं उतरली की मगच वाचता यायचं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले. "जय भीम, पत्रकवाली. आज कोनाचा धिक्कार हाय?"

बोगद्यातल्या अंधारावरचं माझं पहिलं पत्रक मी त्यांना मोहाखालीच वाचून दाखवलं होतं. "बोगद्यातील अंधार हा व्यवस्थेच्या डोक्यातील अंधार आहे!" इथून सुरुवात. दोन्ही बाजूंनी छापलेलं, खाली नऊ मागण्या. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "लय जोरदार हाय. पन एवढा वाचंवरी मानूस बोगद्याच्या पार तरी जाईल, नाईतर वर तरी जाईल."

मी चिडले. अजून चिडते. पण दुसरं पत्रक एका बाजूचं छापलं.

आता तुम्हाला वाटेल, मोटारींच्या रस्त्यात आत कोण असणार आहे एवढं? तर आमच्याकडे बोगदा ही नुसती वाट नाही. उन्हाळ्यात शेळ्या तिथं बसतात, गुराखी तिथं झोपतो. आणि दिवाळीनंतर धान निघाला की लोक तो डांबरी रस्त्यावर वाळत घालतात, कारण गावात दुसरं कोरडं, सपाट, गरम असं काहीच नाही. मग आभाळ भरून आलं की सगळे जे जवळ छप्पर दिसेल तिकडं धान ओढतात. जवळचं छप्पर म्हणजे बोगदा. ही चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. धान भिजू नये म्हणून जीव रस्त्यात ठेवणारे.

एका वर्षीचा अवकाळी पाऊस मला अजून लख्ख आठवतो. आम्ही गोरेगावला निघालो होतो. समोर सगळं पांढरंधोप, वायपर एकच चालणारा. मोहाखाली मामांनी गाडी थांबवली, गॉगल काढला आणि ओरडलेच, "अरे, गाव आत भरला हाय!" आत धानाचे ढीग, पोती, बाया, लेकरं, दोन शेळ्या, ताडपत्र्या. पलीकडून रेतीचे ट्रक यायची हीच वेळ. मामांनी गाडी बोगद्याच्या तोंडाशी आडवी लावली, दोन्ही बाजूचे इंडिकेटर चालू केले आणि मला म्हणाले, "पत्रकवाली, तुझी लाल ओढनी घे आन आतून धावत पल्याडच्या तोंडाले जा. पार वर, चढावर जा. रस्त्याच्या मधात नोको, कडेले उभी राह्यजो. तुझे नारे लय आयकले, आज कामाचा एक दे."

मी धावले. चढावर उभी राहून ओढणी फिरवली आणि जन्मात दिला नसेल असा नारा दिला: "थांबाऽऽ!" पहिला ट्रक घसरत घसरत थांबला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, पुढं चालत गेला, बोगद्यात डोकावला, आतली लेकरं बघितली आणि धावतच परत आला. मग त्यानंच ट्रकमागच्या गाड्या अडवल्या.

इकडं बिसेनकाका मामांवर चढले होते. गावातले मोठे शेतकरी, आतला अर्धा धान त्यांचाच. "गाडी आडवी कायले लावली? रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

"रस्ता कोनाच्याच बापाचा नाई, काकाजी. धान तुमचा हाय, पोट्टे तुमच्या मजुरायचे हाय. कोनाले पैले काढू, तुमी सांगा."

बिसेनकाका लेकरांकडे बघून बाजूला सरले. पण मामांनी धानाला लाथ मारली नाही, हे लक्षात ठेवा. लेकरं आधी बाहेर काढून मोहाखाली ताडपत्रीत बसवली, आणि मग प्रवाशांना उतरवून सीटवर, सीटखाली, टपावर पोती भरली. काळीपिवळीनं त्या दिवशी धान वाहिला आणि माणसं पावसात चालत घरी गेली. कोणी कुरकुरलं नाही. शेवटच्या खेपेला बिसेनकाका स्वतः मागं शिडीला लटकले होते. मामा आरशात बघून म्हणाले, "काकाजी, आत या. पत्रकवाली लिवल तुमच्यावर."

त्यानंतरच्या वर्षात मोहाखालचं थांबणं वाढत गेलं. आधी सरपंचाला एक शिवी देऊन होईल एवढं असायचं, मग दोन बायांचं भांडण मिटेल एवढं झालं. मागं दुसरी काळीपिवळी असायची मुन्नाची. मुन्ना पोरसवदा, गॉगल त्यालाही हवा, तो मामा घेतात त्याच दुकानातून घेतलेला. तो हॉर्नवर हॉर्न मारायचा. "मामाऽ, डोरे पायदळ येऊन राह्यले का?" गाडीत लोक हसायचे. मामा हसायचे नाहीत. कोंबडीची फुशारकीही त्यांनी बंद केली होती. चहाच्या टपरीवर ग्लास घेताना त्यांचा हात आधी हवेत जायचा आणि मग ग्लासाकडे वळायचा. त्यांच्या बायकोनं, मामीनं, मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, तुझ्या मामाले बाजूचा दिसत नाई. दवाखान्यात चला म्हनते त गॉगल घालून बसते. गाडी सुटली त हा मानूस राह्यते का वं?" मामीनं शपथ घातली नव्हती, पण गावात बोलू नकोस हे तिच्या डोळ्यांत होतं. मी मामांच्या शेजारच्या सीटवर बसायला लागले आणि वाटेत जे दिसेल ते मोठ्यानं बोलायला लागले. "मामा, बैल आला. मामा, सायकल आहे." ते म्हणायचे, "मले काऊन सांगून राह्यली? मी का आंधरा हाय?" आणि गाडी हळू करायचे.

मग तो दिवस. अवकाळी पुन्हा येऊन गेला होता, आदल्या दिवशी धान पुन्हा बोगद्यात गेला होता आणि सकाळी लोकांनी परत उचलला होता. लख्ख ऊन पडलेलं. गाडी भरलेली, कोणाला बाजार, कोणाला तहसील, माझी परीक्षा. मोहाखाली मामांनी गॉगल काढला. आत बघितलं. बघत राहिले. मागं मुन्नाचा हॉर्न सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, "मामा, चला ना वो, आत कोनी नाई." मी खिडकीतून वाकून पाहत होते. मला दिसलं.

मामांनी सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारलं, "पत्रकवाली, आत कोन हाय?"

"पारबता आजी आहे, मामा. डाव्या भिंतीशी. सांडलेला धान झाडून घेते आहे."

काळं लुगडं, काळी भिंत, हातात फडा, पाठ आमच्याकडे. आजीला ऐकूही कमी यायचं. मामांनी डोळे बारीक केले, मान पुढं काढली. मग मान डावीकडे वळवली, तेव्हा कुठं त्यांची नजर आजीवर थांबली.

"मले नाई दिसली," मामा म्हणाले.

जो माणूस केस पांढरे झालेत हे मान्य करत नव्हता, लायसनवर डोळे दाखवायला तयार नव्हता, तो भरल्या गाडीत म्हणाला, मला दिसली नाही. मी आजवर किती सभा ऐकल्या, किती माणसं माईकवर छाती ठोकताना पाहिली. इतकं धाडसाचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. कोणाला पटत नसेल तर त्यानं आपल्या साहेबाच्या तोंडून, आपल्या पुढाऱ्याच्या तोंडून हे तीन शब्द काढून दाखवावेत.

मामांनी गाडी बंद केली. किल्ली काढली. "उतरा सारे. ही गाडी आता माझ्या हातानं बोगद्यात जानार नाई."

मुन्ना शिव्या देत पुढं आला. "काऊन उतरवून राह्यले मामा? का झालं?"

"गाडी तू काढ."

"मी? मंग माझी?"

"तुझी मंग येऊन नेजो. पैले ही." किल्ली देताना मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "गॉगल काढ बे."

मुन्नानं गॉगल काढला. तिकडून पारबता आजी सुपात धान घेऊन बाहेर आली आणि रांगेनं उभी असलेली माणसं बघून घाबरली. "का झालं गा? माझ्याकडे काऊन पाहून राह्यले सारे? चार दाने त हाय!"

मामा तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावरचं सूप स्वतःच्या हातात घेतलं. तिला मोहाखाली बसवलं आणि मग भिंतीला हात लावून बोगद्यातून पायी निघाले. मी बरोबर होते. मधल्या वळणाशी ते थांबले. "इतला लांब हाय का वं हा? गाडीत त समजलाच नाई."

माझी परीक्षा बुडाली नाही. उशीर झाला, भांडून पेपर मिळवला.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळा. मामी म्हणाली होती, गाडी सुटली की हा माणूस राहत नाही. पण मामा घरी बसले नाहीत. गाडी मुन्नाला चालवायला दिली (त्याची त्यानं दुसऱ्या पोराकडे सोपवली) आणि स्वतः रोज त्याच्या शेजारच्या सीटवर बसले, गॉगल घालून, जणू मुन्नाच त्यांचा क्लीनर. मोहाखाली गाडी थांबली की मामाही आपला गॉगल काढायचे. त्यांना आतलं जवळपास काहीच दिसत नव्हतं. तरी काढायचे. आणि विचारायचे, "आले का गा डोरे?" मुन्नानं "आले" म्हटल्याशिवाय गिअर टाकू द्यायचे नाहीत. मला म्हणाले, "ज्याले दिसत नाई, त्याले आपल्याले दिसत नाई हेच दिसत नाई. म्हनून कोनीतरी इचाराव लागते."

दिवेही लागले. अर्ज, मोर्चा, रस्त्यावर बसणं, पोलीस गाडीत बसणं, सगळं झालं, आणि लागले. ज्या साहेबांनी आमचं प्रकरण वर पाठवलं होतं, त्यांनीच पुन्हा फीत कापली, निर्लज्जासारखी. भाषणात म्हणाले, आता कोणाला थांबायची गरज नाही. मामा मागून ओरडले, "साहेब, लाईट तुमी आनला. डोरे त आपापलेच आनाव लागते." टाळ्या त्यांनाच पडल्या.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. झोपेत गेले. सकाळी मामी हाक मारायला गेली, तेव्हा गॉगल उशीशी होता.

परवा मी गोरेगावला निघाले. मागं बसले होते, पुढच्या सीटवर गोंदियाचा एक अनोळखी तरुण, मोबाईल कंपनीचा शर्ट घातलेला. मोहाखाली मुन्नानं गाडी थांबवली. बोगद्यात दिवे सुरू होते. मुन्ना स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. गाडीत कोणी हललं नाही. तरुण अस्वस्थ झाला. "भैया, खराब हो गई क्या?"

"नहीं. आगे बैठे हो ना? पूछो."

"क्या पूछूँ?"

मग मागची अख्खी गाडी, बाजाराच्या टोपल्या मांडीवर घेतलेल्या बाया, कॉलेजच्या पोरी, बिसेनकाका आणि मी, एका दमात ओरडलो, "आले का डोरे?"

मुन्नानं गॉगल काढला. आत पाहिलं. उजवीकडे पाहिलं. डावीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आले," तो म्हणाला, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.